पोर्ट ब्लेअरची स्ट्रेचर केस

या सगळ्या प्रकाराचा माझ्याकडे एकही फोटो नाही. दादा अजून विचारतो, "अप्पांना विमानात चढवताना एखादा तरी काढायचास गं." काढायला गेले होते, पण काढू दिला नाही. म्हणून जे पाहिलं ते लिहून ठेवतेय. अंदमानातून आजारी माणूस इकडे आणायची वेळ कुणावर आलीच, तर यातलं थोडंफार उपयोगी पडेल.

डिसेंबर २०२२ ची गोष्ट. अप्पा, म्हणजे माझे वडील, तेव्हा ७४ वर्षांचे. सगळी नोकरी एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक म्हणून गेली, २०१७ साली दोन स्टेंट पडल्या, आणि त्यानंतर एकच हट्ट उरला होता: सावरकरांची कोठडी बघायची. मंगळवारी, ६ तारखेला, आम्ही सेल्युलर जेल पाहिलं. कोठडी अगदी वरच्या मजल्यावर, शेवटच्या टोकाला. अप्पा एकेका पायरीवर थांबत चढले आणि थांबल्यावर दम लागलाय हे कळू नये म्हणून मला इतिहास सांगत राहिले: ४ जुलै १९११, 'महाराजा' नावाची बोट, वगैरे. ते सगळे दगडी जिने चढून-उतरून माणूस धडधाकट खाली आला, आणि संध्याकाळी खोलीवरच्या बाथरूममध्ये ओल्या फरशीवर पाय सटकला.

उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं होतं. एक्स-रे काढायच्या आधीच डॉक्टर म्हणाले, "खुबा."

ऑपरेशन तिथेही झालं असतं. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन नीट समजावलं. स्टेंट आहेत, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, ती बंद करून पाच-सात दिवस थांबावं लागेल. आणि टेबलावर हृदयाने काही गडबड केली तर हाताशी सगळी यंत्रणा असलेली बरी. थांबायचंच आहे, तर ते दिवस प्रवासात घालवा आणि चेन्नई गाठा. मला हे पटलं. पटल्यावर मी अगदी सहज विचारलं, "मग उद्याचं विमान घेऊ?" डॉक्टर हसले नाहीत, पण थोडे थांबले.

पोर्ट ब्लेअरहून बाहेर पडायचे मार्ग मोजून तीन. जहाज, म्हणजे चेन्नईपर्यंत साधारण तीन दिवस, मोडक्या खुब्यासकट. एअर ॲम्ब्युलन्स, म्हणजे लाखांचा आकडा, शिवाय खासगी विमानाला त्या धावपट्टीवर उतरायला वेगळी परवानगी. तिसरा मार्ग रोजचं प्रवासी विमान. त्यात झोपलेला माणूस नेता येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. त्याला 'स्ट्रेचर केस' म्हणतात. विमानाच्या मागच्या काही सीटांच्या पाठी पुढे पाडतात, त्यांच्यावर स्ट्रेचर बसवतात, भोवती पडदा लावतात. जेवढ्या सीट अडतात तेवढ्यांचं भाडं आपण भरायचं. सगळ्या कंपन्या हे करत नाहीत. जी करत होती तिच्या कॉल सेंटरने मला एकाच दुपारी तीन वेगवेगळी उत्तरं दिली. एकाने फोनवर बुकिंग होईल म्हणून सांगितलं, दुसरीने वेबसाइट दाखवली, तिसरा म्हणाला की अशी सोयच नाही. शेवटी रिक्षा करून मी विमानतळावर त्यांच्या काउंटरला गेले, आणि तिथल्या ड्यूटी मॅनेजर बाईंनी पाच मिनिटांत सगळं सांगितलं. तेव्हापासून मी फोनवरच्या माणसावर विश्वास ठेवणं सोडलंय.

बाई मूळच्या तिथल्याच, आजोबा फाळणीनंतर पूर्व बंगालातून येऊन वसलेले. त्यांनी एका कोऱ्या कागदावर दोन रकाने आखले. डावीकडे लिहिलं 'हम', उजवीकडे 'नेवी'. "मॅडम, ये एअरपोर्ट दो घरों का है. टर्मिनल और पार्किंग इधर का. रनवे उनका, टॉवर उनका."

मी पुण्याची. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे हे मला ठाऊक होतं. २०२१ च्या ऑक्टोबरात दुरुस्तीसाठी ती १४ दिवस बंद होती तेव्हा आमच्या शेजाऱ्यांनी मुंबईहून विमान धरलं होतं. दाबोळी नौदलाची, हेही ऐकून होते. पण तिथे आपण प्रवासी म्हणून जातो, सीटबेल्ट लावतो, 'हा संरक्षण दलाचा तळ आहे, फोटो काढू नयेत' ही घोषणा ऐकतो आणि सोडून देतो. इथे मात्र बाईंच्या त्या दोन रकान्यांमधून अप्पांना आडवं न्यायचं होतं.

आपल्या कागदपत्रांत या विमानतळाचं नाव वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळ. २००२ पासून. त्याच धावपट्टीच्या तळाचं नौदलाच्या यादीतलं नाव आयएनएस उत्क्रोश. पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आक्रोशाचा भाऊ वाटला. नंतर अप्पांनीच पडल्या पडल्या दुरुस्ती केली. शाळेत अमरकोश पाठ केलेली पिढी ती: "उत्क्रोशकुररौ समौ. म्हणजे मासे धरणारा पक्षी. ससाण्याच्या जातीतला." पाय वजनाला टांगलेला, पोटात रक्त न गोठण्याचं इंजेक्शन घेतलेलं, आणि हे अमरकोश सांगतायत.

कागदांचं आता सांगते, कारण खरी दमछाक तिथेच झाली.

पहिला फॉर्म मेडिफ. त्याचे दोन भाग. एक आपण भरायचा आणि दुसरा उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी. माणूस बसू शकतो का, ऑक्सिजन लागणार का, संसर्गाचं काही आहे का, हिमोग्लोबिन किती, वाटेत काय होऊ शकतं. हा फॉर्म मुख्य भूमीवर कंपनीच्या डॉक्टरांकडे ईमेलने जातो आणि त्यांनी हो म्हटलं तरच पुढचं. त्यांना वेळ लागतो. आम्हाला सांगितले ते ४८ तास. दुसरा कागद 'फिट टू फ्लाय' दाखला, तारीख उड्डाणाच्या जवळची हवी. तिसरं हमीपत्र. चौथी अट, सोबत प्रशिक्षित नर्स. पाचवी गोष्ट मला कुणी सांगितलीच नव्हती. स्ट्रेचरचं किट पोर्ट ब्लेअरला नसतं. ते चेन्नईहून विमानातूनच येणार, इथला इंजिनिअर ते बसवणार, आणि त्याच विमानाने आपण जाणार. म्हणजे विमान आलं नाही तर किट नाही.

फॉर्म स्कॅन करून पाठवला आणि पंधरा मिनिटांत पोच आली. बाई म्हणाल्या की दोन-तीन वर्षांपूर्वी असता तर फाइल चढायलाच अर्धा दिवस गेला असता. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली २,३०० किलोमीटरची केबल २०२० च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली, त्याआधी बेटांचं सगळं इंटरनेट उपग्रहावर चालायचं.

हे झालं डाव्या रकान्याचं. उजव्या रकान्यात काम कमी होतं, पण चुकायला वाव नव्हता. ॲम्ब्युलन्स थेट विमानापाशी न्यायची तर गाडीचा नंबर, चालकाचं आणि वॉर्डबॉयचं नाव, आधार, लायसन्स, सगळं आदल्या दिवशी द्यायचं. ही यादी विमानतळाच्या सुरक्षेकडे जाते आणि तिथून नौदलालाही कळवली जाते. ऐनवेळी गाडी बदलली तर पास बाद. चालक आजारी पडला तरी तेच. मी ॲम्ब्युलन्सच्या चालकाला रोज संध्याकाळी फोन करून त्याची तब्येत विचारत होते. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "दीदी, पापाजी का पूछो, मैं ठीक हूँ."

आमचं उड्डाण ठरलं शुक्रवारी, ९ डिसेंबरला. त्याच रात्री मंदोस चक्रीवादळ महाबलीपुरमजवळ किनाऱ्यावर चढलं. चेन्नईची विमानं धडाधड रद्द झाली, त्यात आमचंही. गंमत म्हणजे पोर्ट ब्लेअरला त्या सकाळी लख्ख ऊन होतं. मी काउंटरवर उभी राहून बाईंना विचारत होते की इथे काय धाड भरलीय, आणि त्या शांतपणे सांगत होत्या की मॅडम, विमान तिकडून यायचंय.

इथे एक गोष्ट लक्षात आली, जी आधी कळली असती तर माझी निम्मी चिडचिड वाचली असती. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर सुमारे १,३७० किलोमीटर, कोलकाता सुमारे १,३००. मध्ये फक्त पाणी. पुण्याला उतरता आलं नाही तर विमान मुंबईला जातं. इथे उतरता आलं नाही तर वळायला जवळ काही नाही, आल्या वाटेने परत. म्हणून विमान निघतानाच परतीइतकं इंधन पोटात घेऊन निघतं, आणि दोन्ही टोकांच्या हवामानाची खात्री झाल्याशिवाय निघतच नाही. त्यात धावपट्टी एकच, ३,२९० मीटर, आणि एका टोकाला उंचवटा, त्यामुळे बहुतेक विमानं समुद्राच्या बाजूने येतात आणि त्याच बाजूला उडतात. अप्पांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे घाटातला एकेरी रस्ता."

नवी तारीख सोमवार, १२ डिसेंबर. दाखला नव्या तारखेचा, पास नव्या तारखेचा, चालक सुदैवाने तोच. शनिवार-रविवार वॉर्डात गेले. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. टाचेला आणि पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कुशीचं बघायचं, आणि संध्याकाळी पाचला अंधार पडला की रात्र किती लांब आहे याचा हिशेब करायचा. बेटं इतकी पूर्वेला आणि घड्याळ आपलंच, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. वॉर्डात साडेसहाला मध्यरात्र झाल्यासारखं वाटायचं.

सोमवारी सकाळी नऊला निघालो. विमान १२:१० चं. पायाला टांगलेलं वजन काढलं, कारण विमानात काही लोंबकळतं ठेवता येत नाही. पाय वळू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या, जाड कापडाच्या, चारही बाजूंनी शिवलेल्या. अप्पा, नर्स, वॉर्डबॉय आणि मी.

विमानतळाच्या बाजूच्या गेटला गाडी थांबली. बोनेट उघडलं, खालून आरसा फिरवला, ऑक्सिजनच्या सिलिंडरवरचा नंबर लिहून घेतला. मग आतल्या तपासणीला त्या दोन पिशव्या आल्या.

"इसमें क्या है?"

"रेत."

तो अधिकारी क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. ज्यांनी अंदमान पाहिलंय त्यांना यातली गोम कळेल. तिथून प्रवाळ, शंख-शिंपले न्यायला बंदी आहे, बॅगा त्यासाठी तपासतात, किनाऱ्यावरचं काही उचलू नका म्हणून जागोजागी पाट्या आहेत. आणि मी दोन शिवलेल्या पिशव्यांत वाळू भरून संरक्षण दलाच्या विमानतळावर आले होते. एक्स-रेच्या पडद्यावर दोन काळे ठोकळे, आत काय आहे ते दिसत नाही. उसवून दाखवा म्हणाला. वॉर्डबॉय म्हणाला की उसवणार नाही, ही हॉस्पिटलची आहे, जमा करावी लागते. दोघांचंही बरोबर होतं. दहा मिनिटं त्या पिशव्या टेबलावर तशाच पडून होत्या आणि अप्पा स्ट्रेचरवर छताकडे बघत पडले होते.

वाट नर्सने काढली. ती तिथलीच एक तरुण मुलगी, आमच्याबरोबर चेन्नईला येऊन दुसऱ्या दिवशी परत जाणार होती. तिने ॲम्ब्युलन्समधल्या दोन चादरी घेतल्या, घट्ट वळकट्या केल्या, पट्टीने बांधल्या आणि पायाच्या दोन्ही बाजूंना खोचल्या. वाळू वॉर्डबॉयबरोबर परत जाणार असं ठरलं. वेदनेच्या इंजेक्शनच्या कुप्यांसाठी डॉक्टरांचं पत्र वेगळं घेतलं होतं, ते मात्र एका नजरेत पास झालं. कात्री गेली.

आम्ही आत गेलो. ॲम्ब्युलन्सच्या पुढे एक जीप, मागे कुणी नाही. ॲप्रनच्या, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेच्या कडेला, पिवळ्या रेघेच्या अलीकडे आम्हाला थांबवलं आणि चालकाने इंजिन बंद केलं. समोर जुनं टर्मिनल, बुटकं, गर्दीने फुगलेलं. त्याच्या पलीकडे नव्या टर्मिनलचं शिंपल्याच्या आकाराचं पांढरं छप्पर उभं होतं, पण आत जायला बंद. त्याचं उद्घाटन पुढच्या वर्षी, १८ जुलै २०२३ ला झालं. वर्षाला ५० लाख प्रवासी जातील एवढं आहे, आणि एरोब्रिजही आहेत. आमच्या वेळी शिडीच.

बारा वाजले, साडेबारा वाजले. विमान चेन्नईहून उशिरा निघालेलं. आत गरम व्हायला लागलं म्हणून मागचं दार उघडं ठेवलं.

तेव्हा आवाज यायला लागला. मला फक्त घरघर ऐकू आली. अप्पा पडल्या पडल्या म्हणाले, "दोन इंजिनं. पंख्याची. जेट नाही." मी बाहेर डोकावले. नौदलाचं छोटं डॉर्निअर विमान धावपट्टीकडे खाली येत होतं. टेकलं, टेकल्यासारखं झालं, आणि थांबण्याऐवजी पुन्हा वर गेलं. लांब वळसा घालून परत आलं. परत टेकलं, परत वर. चालकाने सांगितलं की सराव चालू आहे, रोजचं आहे.

"काय करतंय?" अप्पांनी विचारलं. त्यांना छताशिवाय काही दिसत नव्हतं.

"उतरतंय आणि परत उडतंय."

"क्लच-प्लेट नवी टाकली की आम्ही असंच डेपोला फेऱ्या मारायचो."

मी त्यांना प्रत्येक फेरी सांगत राहिले. आता वळलं. आता समोर. आता चाकं टेकली. खरं तर मी आतून उकळत होते. एक माणूस सहा दिवस मोडक्या हाडासकट पडलाय, आणि इथे सराव काय करताय. ड्यूटी मॅनेजर बाई रेडिओ हातात घेऊन आमच्यापाशी आल्या तेव्हा मी ते बोललेसुद्धा. त्यांनी समजूत काढली नाही. एवढंच म्हणाल्या की तुमचं विमान अजून आकाशात आहे, ते जवळ आलं की हे बाजूला होतं. आणि हीच मुलं गेल्या महिन्यात रात्री एका बेटावरून बाळंतपणाची बाई घेऊन आली होती. दिवेलागणीनंतर या धावपट्टीवर आमचं एकही विमान नसतं, त्यांचं असतं.

मी गप्प बसले. पटलं म्हणून नव्हे लगेच. उत्तर सुचलं नाही म्हणून.

माझी खरी भीती वेगळी होती आणि ती बाईंनाही होती. नागरी विमानांना धावपट्टी किती वाजेपर्यंत खुली हे नौदल ठरवतं. त्याला तिथे सगळे 'वॉच अवर्स' म्हणतात, शिपायापासून मॅनेजरपर्यंत. ती वेळ टळली की विमान उभंच राहतं, दुसऱ्या दिवसापर्यंत. वाढवून मागता येते, मिळेलच असं नाही. विमान १२:५५ ला उतरलं. आता प्रवासी उतरणार, किट बसणार, मग आम्ही, मग बाकीचे. बाई घड्याळाकडे बघत होत्या आणि मी बाईंकडे.

किट बसवायला पाऊण तास लागला. इंजिनिअर मागच्या दाराने आत गेला, आतून ठोकल्याचे आवाज, मग तो बाहेर आला, एक बोल्ट शोधला, परत आत. तेवढ्या वेळात बाई दोनदा टॉवरशी बोलल्या. काय बोलल्या ते कळलं नाही, पण दुसऱ्या वेळी त्यांनी मला लांबूनच अंगठा दाखवला.

मग शिडी. विमानाच्या मागच्या दाराला लावलेली, अरुंद. वर नेणारी हाय-लिफ्ट गाडी त्या दिवशी बिघडलेली होती, त्यामुळे सहा लोडर आले. त्यांतल्या म्होरक्याने अप्पांच्या छातीवर, मांड्यांवर, पोटऱ्यांवर असे तीन पट्टे आवळले आणि मग एक गोष्ट केली जी मी विसरणार नाही. त्याने अप्पांच्या कानाशी वाकून सांगितलं, "अंकल, डोकं वर असेल, पाय खाली. घसरल्यासारखं वाटेल. घसरणार नाही. हात बाहेर काढायचा नाही." हे सगळं हिंदीत, पण एका दमात, आधी शेकडो वेळा सांगितल्यासारखं. मग दोघं वरून, दोघं खालून, आणि दोघं बाजूला कठड्याबाहेर अर्धे लोंबत. पायरी, थांबा. पायरी, थांबा. खालच्या दोघांनी स्ट्रेचर खांद्यावर घेतलं होतं म्हणून ते बऱ्यापैकी आडवं राहिलं. दाराशी वळवताना मात्र तिरपं करावं लागलं आणि अप्पांच्या तोंडून पहिल्यांदाच आवाज निघाला. सहा दिवसांत पहिल्यांदा.

याच वेळी मी फोन वर केला होता. दादाला पाठवायला. एक गणवेशातला माणूस, रागाने नव्हे, हात आडवा धरून आला. "मॅडम, डिफेन्स एअरफील्ड." फोन खिशात गेला. मागच्या बाजूला धावपट्टी, तिच्या पलीकडे नौदलाचे हँगर, त्याचं म्हणणं बरोबरच होतं. आणि मला आता वाटतं, अप्पा त्या क्षणी जसे दिसत होते तसे दादाने पाहिले नाहीत ते चांगलं झालं.

(अशा लेखांत या ठिकाणी हमखास एखादा साताऱ्याचा जवान भेटतो आणि "काकू, काळजी करू नका" म्हणतो. मला नाही भेटला. भेटले ते तमिळ, बंगाली, तेलुगू आणि रांचीहून येऊन तीन पिढ्या तिथे राहिलेले, सगळे अंदमानी हिंदी बोलणारे.)

आत पडदा लावला. वळकट्या परत खोचल्या, लघवीची पिशवी सीटच्या पायाला बांधली, नर्सने नाडी बघितली. मग बाकीचे प्रवासी चढले. पडद्याच्या फटीतून एक लहान मुलगा बघत राहिला, त्याच्या आईने त्याला ओढून नेलं. बाईंनी दाराशी येऊन माझ्याकडून ॲम्ब्युलन्सच्या पासची प्रत परत घेतली. दोन शिक्क्यांचा तो कागद मला ठेवायचा होता, पण तो जमा करावाच लागतो.

दोन वाजून वीस मिनिटांनी विमान हललं. धावपट्टीच्या टोकाला जाऊन वळलं आणि थांबलं. कशासाठी थांबलंय ते कळेना. मग खिडकीतून दिसलं: डॉर्निअर परत येत होतं, या वेळी खरंच उतरायला. ते उतरलं, धावलं, आमच्यासमोरून बाजूच्या रस्त्याला लागलं. वैमानिकाचं डोकंसुद्धा दिसलं, पांढऱ्या हेल्मेटसारखं काहीतरी. मग आमचं इंजिन वाढलं.

"गेलं का ते?" अप्पांनी विचारलं.

"गेलं."

"मग सोड म्हणावं आता क्लच."

पुढचं पटकन सांगते. चेन्नईला हाय-लिफ्ट होती, पंधरा मिनिटांत ॲम्ब्युलन्समध्ये. १४ तारखेला ऑपरेशन झालं, हृदयाने काही त्रास दिला नाही. जानेवारीत आम्ही रेल्वेने पुण्याला आलो. दोन वर्षांनी त्या शहराचं नाव सरकारने श्री विजय पुरम केलं, पण आमच्या फायलीतल्या प्रत्येक कागदावर पोर्ट ब्लेअरच आहे, म्हणून मीही तेच लिहिलंय.

अप्पा आता काठी घेऊन सोसायटीच्या बागेपर्यंत जातात. कुणी भेटायला आलं की अंदमानची गोष्ट निघतेच. कोठडीचं सांगत नाहीत, खुब्याचं सांगत नाहीत, शिडीचं तर मुळीच नाही. डॉर्निअरचं सांगतात, आणि ते स्वतः पाहिल्यासारखं. "चार फेऱ्या मारल्या त्याने," ते म्हणतात, "पाचवीला उतरलं."

माझ्या हिशेबाने सहा होत्या. पण मोजून सांगणारी मीच होते, तेव्हा मधली एखादी सांगायची राहिली असेल.